ब्रिजच्या आकृतीतला 'रा' कोणता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ब्रिज या पत्त्यांच्या खेळाच्या सदरात इस्पिकच्या जागी चौकोनी डबा किंवा भलतेच अक्षर छापून येते, तेव्हा चूक बहुधा लेखकाची नसते, फाँटची असते. पत्त्यांच्या जुन्या फाँटमध्ये ही चिन्हे साध्या अक्षरांच्या कळांवर बसवलेली असत. पान लावताना सगळ्या मजकुराला एकच मराठी फाँट लावला, की चिन्ह जाऊन त्या कळेवरचे अक्षर उमटते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षर-चिन्हाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या संगणकीय पद्धतीत, या चिन्हांना स्वतःचे क्रमांक आहेत : २६६० ते २६६७, भरीव चार आणि पोकळ चार. त्यांचे अक्षर होत नाही. पण अनेक देवनागरी फाँटांत ती काढलेलीच नसतात, म्हणून डबा. तेव्हा फक्त चिन्हांसाठी वेगळी कॅरेक्टर स्टाइल (निवडलेल्या अक्षरांपुरती मांडणी) करून तिला चिन्हे असलेला फाँट द्यावा आणि पीडीएफमध्ये तो एम्बेड (फाइलमध्येच समाविष्ट) झाला आहे ना, हे पाहावे.

काळ्या-पांढऱ्या पानावर बदाम आणि चौकट पोकळ घ्यावेत (♡ ♢). मात्र बारीक टायपात शाई पसरून पोकळी बुजते, म्हणून चिन्ह अक्षरांपेक्षा पॉइंटभर मोठे ठेवावे. रंगीत पानावर लाल रंग मॅजेंटा आणि पिवळा मिळून होतो. रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकावर एक नेमकी जुळणी, जरा हलले की बदामाला पिवळी किनार दिसते.

युनिकोडमध्ये २०१० पासून अख्खे पत्तेही आहेत. चौघांच्या हातातले पत्ते दाखवणाऱ्या आकृतीत ते घेऊ नयेत. एवढ्याशा आकारात वाचता येत नाहीत, शिवाय तिथे गुलाम आणि राणी यांच्यामध्ये एक घोडेस्वार बसला आहे. क्रमांक एकेकाने वाढवत गेले, तर राणीऐवजी हा स्वार छापला जातो!

खरी मराठी अडचण वेगळीच. राजाही 'रा' आणि राणीही 'रा'. '♠ ए रा ९ ४' यावरून डाव कसा खेळायचा? राजाला 'रा' आणि राणीला 'णी' लिहावे. दिसायला विचित्र, पण घोटाळा होत नाही. दश्शी '१०' अशी लिहिली आणि पुढची जागा गळली, की '१०९' होते. तिथे 'द' पुरे. म्हणजे '♠ ए णी द ९ ४'. चिन्हांची रुंदी सारखी नसते, म्हणून चिन्हानंतर स्पेसबार न दाबता टॅब द्यावा, नाहीतर चार ओळींतले पत्ते एकाखाली एक येत नाहीत. एखाद्या चिन्हाचा पत्ताच नसेल, तर ओळ न गाळता चिन्हापुढे आडवी रेघ हवी.

मुद्रितशोधनात चौघांचे तेरा-तेरा पत्ते मोजले जातात, पण तेवढ्याने भागत नाही. बदामाची सत्ती दोघांकडे आणि अठ्ठी कुणाकडेच नाही, तरी बेरीज ५२ च भरते. हाताची ताकद मोजायला ब्रिजमध्ये धरतात ते एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १ असे ४० गुण जुळवूनही ही चूक सापडत नाही, कारण सत्तीला गुणच नाहीत. एकेका चिन्हाचे पत्ते एक्क्यापासून दुर्रीपर्यंत पेन्सिलीने खोडत जावे लागतात.

— ब्रिजचा एक वाचक