ऋता, बिल वाचताना त्या मुलाला शेजारी बसव

पुणे, ५ मे

प्रिय ऋता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझं पहिलं वाक्य होतं, "आई, एका पोराने अडीच लाखांचा चुना लावला." द्राक्षांच्या पॅकहाऊसना (माल पॅक करायच्या केंद्रांना) तुम्ही जे ॲप पुरवता, त्याच्या क्लाउडचं, म्हणजे ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसकडून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचं, बिल वाढलं होतं; त्याचे आकडे तू नंतर सांगितलेस. मार्चचं पावणेदोन लाख, एप्रिलचं चार लाख वीस हजार, म्हणजे जवळपास अडीच लाखांची वाढ. आकडे मी कागदावर लिहून घेतले, पण डोक्यात राहिलं ते तुझं पहिलं वाक्य.

तू पाठवलेल्या लॉगिनवरून मी दोन रात्री बसून बिल वाचलं. आधी तुमच्या टीममधल्या त्या मुलाचं सांगते. सीझनचा लोड, म्हणजे गर्दीच्या वेळी ॲपवर पडणारा ताण, पुन्हा उभा करून बघायला त्याने डेटाबेसची एक मोठी प्रत काढली होती. काम झाल्यावर ८ एप्रिलला त्याने ती थांबवली, नोंदीत स्पष्ट दिसतंय. पण एडब्ल्यूएसच्या आरडीएस या डेटाबेस सेवेवर थांबवलेला डेटाबेस सात दिवसांनी आपोआप सुरू होतो. १५ तारखेला तो सुरू झाला आणि महिनाअखेरपर्यंत कुणी वापरत नसताना चालत राहिला. त्याचे साधारण ६२ हजार झाले. मुलाने बंद केलं होतं गं. काम संपल्यावर स्नॅपशॉट (त्या क्षणाची जपून ठेवायची प्रत) घेऊन डेटाबेस काढूनच टाकायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आता उरलेलं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पॅकहाऊसमध्ये ॲप अडकत होतं, तेव्हा रात्री अकरा वाजता तू डीबग लॉग (दोष शोधण्यासाठीच्या बारीकसारीक नोंदी) सुरू करायला सांगितलेस. सांगितलंस ते बरोबरच होतं, त्याशिवाय दोष सापडला नसता. दोष सापडला, लॉग मात्र चालूच राहिले. क्लाउडवॉच या एडब्ल्यूएसच्या नोंदींच्या सेवेत लॉग साठवण्यापेक्षा आत घेण्याचा दर कितीतरी जास्त असतो, आणि किती दिवस ठेवायचे हे ठरवून दिलं नाही तर ते कायमचे राहतात. ९५ हजार तिथे गेले.

तिसरी गोष्ट क्रेटच्या फोटोंची. फोटो एस-थ्री या फाइल साठवायच्या सेवेत आहेत आणि तुमचं नवं रिपोर्टचं काम दर तासाला सगळे फोटो नव्याने वाचतं. दर तासाला १९ जीबी, म्हणजे महिन्याला जवळपास १४ हजार जीबी. ही सगळी ने-आण नॅट गेटवेमधून, म्हणजे आतल्या मशीन्सनी बाहेर जायच्या सशुल्क दारातून होतेय, आणि मुंबई रीजनमध्ये (एडब्ल्यूएसच्या मुंबईतल्या डेटा सेंटरांत) तो दर जीबीला साडेपाच सेंटच्या आसपास घेतो. एस-थ्रीसाठी गेटवे एंडपॉइंट, म्हणजे थेट आतली वाट, लावला तर हाच रस्ता फुकट आहे. अर्ध्या तासाचं काम. ते न केल्याचे सत्तर हजारांच्या घरात गेले.

म्हणजे अडीच लाखांपैकी त्या मुलाच्या नावावर पाव हिस्साच येतो, तोही न सांगितलेल्या गोष्टीचा.

एक जुनी गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू बारावीत होतीस तेव्हाची. आमच्याकडे एका नव्या इंजिनिअरने लोड टेस्टसाठी मशीन्स (क्लाउडवरचे सर्व्हर) उभी केली आणि दिवाळीला गावी गेला. मशीन्स नऊ दिवस चालली. सुट्टीनंतरच्या पहिल्याच मीटिंगमध्ये वरिष्ठांनी बिल पडद्यावर लावलं आणि त्याचं नाव घेऊन त्याला उभं केलं. इन्फ्राची, म्हणजे सर्व्हर-यंत्रणेची, प्रमुख मी होते. खर्च वाढला की सूचना जावी अशी एकही सोय मी लावलेली नव्हती, ती माझी जबाबदारी होती. मी त्या खोलीत बसून होते आणि एक शब्द बोलले नाही. दोन महिन्यांत तो नोकरी सोडून गेला. त्यानंतर कुणी आपलं नाव मशीनवर टाकेना. 'टेस्ट-वन', 'टेंप', 'नवीन-टू' अशी नावं पडायला लागली, आणि कोणाचं आहे ते कळत नसल्यामुळे ते काढून टाकायचा धीरही कुणाला होईना. पुढचं वर्षभर खर्च चढतच गेला. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. आजही ते टोचतं.

म्हणून पहिलं काम हे कर. प्रत्येक मशीन, डेटाबेस, डिस्कवर मालकाचं नाव, कोणत्या कामासाठी आणि कधीपर्यंत, असे तीन टॅग (चिठ्ठ्या) असलेच पाहिजेत. टॅग नसेल तर मशीन उभंच राहू नये, अशी अट घालता येते. बिलिंगमध्ये जाऊन ते टॅग वेगळे चालू करावे लागतात, नाहीतर खर्चाच्या अहवालात दिसत नाहीत. आमच्याकडे हे विसरल्यामुळे एक अख्खी तिमाही आंधळी गेली होती.

बजेटची सूचना तुमच्या अकाउंटंट काकांना जाते, असं तू म्हणालीस. ते बिचारे 'डेटा ट्रान्सफर' वाचून काय करणार? सूचना त्याच माणसाला जाऊ दे, ज्याच्या हातात ते मशीन बंद करणं आहे. पन्नास टक्के, ऐंशी टक्के आणि महिनाअखेरचा अंदाज ओलांडणार असं दिसलं की, अशा तीन पायऱ्या ठेव. एक लक्षात घे, बजेटची सूचना आपणहून काही बंद करत नाही, आणि आकडेही आठ ते बारा तासांनी ताजे होतात. रात्रीतून फुगलेला खर्च ती सकाळीच सांगणार. त्यासोबत अचानक वाढ ओळखणारी फुकट सोय आहे, तीही चालू कर.

टेस्टची मशीन्स रात्री आणि शनिवार-रविवारी चालायचं कारण नाही. आठवड्याचे १६८ तास, तुमची पोरं काम करतात साठेक तास. उरलेल्या १०८ तासांचं भाडं वाचतं. थांबवलेल्या मशीनच्या डिस्कचे पैसे लागतातच, आणि फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्हीफोर पत्त्याला (मशीनच्या इंटरनेटवरच्या पत्त्याला) तासाला अर्धा सेंट पडतो, मग तो वापरात असो वा नसो. तुझ्याकडे असे अकरा पत्ते आहेत, त्यातले सात नुसतेच धरून ठेवलेले.

खरा प्रश्न सीझनचा आहे, आणि तिथे तू चुकशील अशी मला भीती वाटते. सेव्हिंग्ज प्लॅन घेऊ का, तीन वर्षांचा घेतला तर ७२ टक्क्यांपर्यंत सूट मिळते, असं तू विचारलंस. तो प्लॅन म्हणजे तासाला अमुक डॉलर वापरीनच, असा शब्द असतो. ज्या तासाला तेवढं वापरलं नाही, त्या तासाचे पैसे गेले, पुढच्या तासाला सरकत नाहीत. तुझी द्राक्षं जानेवारी ते एप्रिल. ऑगस्टमध्ये पॅकहाऊसला कुलूप. फेब्रुवारीचा वापर बघून शब्द दिलास तर आठ महिने रिकाम्या मशीन्सचं भाडं भरशील. ऑगस्टमधला सगळ्यात कमी वापर काढ, त्यापेक्षाही थोडा कमी शब्द दे, आणि पहिल्यांदा एकाच वर्षाचा. सीझनचा वरचा भाग चढ्या दराने घेतलास तरी चालेल. फोटो तपासण्यासारखी मध्येच तुटली तरी पुन्हा सुरू करता येणारी कामं स्पॉटवर, म्हणजे एडब्ल्यूएसच्या रिकाम्या पडलेल्या मशीन्सवर, टाक. तिथे ९० टक्क्यांपर्यंत स्वस्त पडतं, फक्त मशीन काढून घेताना दोनच मिनिटं आधी सांगतात.

दिंडोरीला आजोबा ऑक्टोबर छाटणीच्या आधी द्राक्षवेलीच्या काड्या घेऊन त्यांचे डोळे, म्हणजे कळ्या, तपासून आणायचे, आठवतंय? घड कितव्या डोळ्यात आहे ते कळल्यावरच कात्री कुठे लावायची ते ठरायचं. तुझ्या भागीदाराने खर्च छाटायची यादी पाठवली आहे, त्यात पहिलीच ओळ 'बॅकअप कमी करणे' अशी आहे. ती खोड. रेसिड्यूच्या (द्राक्षांवर उरलेल्या कीटकनाशकांच्या) तपासणीचे अहवाल आणि कुठल्या बागेतला माल कुठल्या कंटेनरमध्ये गेला ही साखळी तुटली, तर तुझ्या ग्राहकाचा माल युरोपच्या बंदरात अडकेल.

त्याचं दुसरं म्हणणं, थर्टीसेव्हन सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीने क्लाउड सोडला तसे आपणही स्वतःचे सर्व्हर घेऊ. त्यांचं २०२२ चं क्लाउडचं बिल बत्तीस लाख डॉलर होतं, काम बारमाही सारखं आणि सर्व्हर सांभाळणारी माणसं आधीपासून हाताशी. त्यांनी केलं ते त्यांच्यासाठी योग्यच होतं. तुझ्याकडे चार महिन्यांचा लोड आणि सहा माणसं. यूपीएस बसलं म्हणून रात्री दोनला सर्व्हर रूममध्ये मी किती वेळा गेलेय, ते तुझ्या बाबांना विचार.

पुढच्या वर्षाचं बजेट डॉलरमध्ये मांड आणि रुपया आजच्यापेक्षा कमजोर धरून गुणाकार कर. २०१६ मध्ये मुंबई रीजन सुरू झालं तेव्हा डॉलर सदुसष्टच्या आसपास होता, २०२२ मध्ये त्याने ऐंशी ओलांडले. जीएसटीचे १८ टक्के क्रेडिटने परत येतील, पण खात्यातून आधी जातात आणि पॅकहाऊसवाले तुला सीझन संपल्यावर पैसे देतात. मार्च-एप्रिलची ती रोकड आत्तापासून बाजूला ठेव. आणि एकूण बिलाबरोबर एका कंटेनरमागे क्लाउडचा खर्च किती, हा आकडा दर सोमवारी काढ. कंटेनर वाढले म्हणून बिल वाढलं तर मला आनंदच आहे. कंटेनरमागचा खर्च वाढला तर मात्र त्याच दिवशी कारण शोध.

शनिवारी सकाळच्या बसने नाशिकला येतेय, हापूसची पेटी आणते. नॅट आणि लॉगचं काम तोवर उरकून ठेव, थांबायचं कारण नाही. दुपारी सगळ्यांना बसवून बिल ओळीओळीने वाचू, आणि डीबग लॉगची ओळ आली की ती कुणाच्या सांगण्यावरून सुरू झाली ते तू स्वतः सांग. त्या मुलाला माझ्या शेजारची खुर्ची दे. त्याने ज्या रीतीने लोड उभा केला, ते काम चांगलं आहे, हे मला त्याला सांगायचंय.

तुझी,
आई