खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतले हार्डनर

प्रति,
मा. संपादक,

सविनय नमस्कार.

मनगटी घड्याळाच्या काचेभोवती जी धातूची कडी असते, जिला घड्याळांचे शौकीन बेझल म्हणतात, तिला मोटारीचा मेटॅलिक रंग देऊन घड्याळ आपल्या मनासारखे करून घेण्याची हौस माझ्या ओळखीतल्या काही तरुण मुलांना लागली आहे. या हौसेला नावे ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात पेंट शॉपमध्ये २६ वर्षे काढलेल्या माणसाला, नव्या पिढीतले कोणी रंगाचा एक हात नीट बसावा म्हणून चार संध्याकाळी खर्ची घालत आहे याचे कौतुकच वाटते. माझी तक्रार या कामासाठी नेले जाणारे हार्डनर, म्हणजे रंगाचा वरचा थर घट्ट करणारे रसायन, आपल्या शहरात ज्या पद्धतीने सुटे विकले जाते, त्याबद्दल आहे.

माझा पुतण्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाणबुड्यांच्या घड्याळासारखे, फिरती स्टीलची बेझल असलेले एक घड्याळ त्याने घेतले आणि घरच्या मोटारीचा गडद निळा रंगच त्या बेझलला द्यायचा असे ठरवले. गाडीवरच्या पट्टीवरून रंगाचा कोड उतरवून घेऊन तो शहरातल्या एका दुकानात गेला आणि बेस कोट, थिनर, क्लिअर कोट व हार्डनर असा सगळा सरंजाम घेऊन आला. पहिल्या तीन वस्तू बंद डब्यांत होत्या. हार्डनर मात्र खोकल्याच्या औषधाच्या तपकिरी बाटलीत होते. मूळ लेबल नखाने खरवडून काढलेले, त्या जागी डिंकाचा चिकटा राहिलेला, आणि बाटलीवर औषधाचे माप दाखवणाऱ्या उभारलेल्या रेघा तशाच. आमच्या वहिनींनी घर आवरताना ती बाटली फडताळात औषधांच्या डब्याशेजारी ठेवली होती, आणि त्यात त्यांची काही चूक आहे असे मला वाटत नाही. मी झाकण फिरवले तेव्हा आतून फुस्स असा आवाज आला. पावसाळी दमट हवेतली ओल बाटलीत शिरली, की हार्डनर तिच्याशी संयोग पावते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बंद बाटलीत त्याचाच दाब साठतो. म्हणजे ती बाटली या आधीही केव्हातरी उघडली गेली होती.

हे हार्डनर काय असते, ते थोडक्यात सांगतो. मोटारीचा मेटॅलिक रंग दोन थरांत बसतो. खालच्या बेस कोटमध्ये रंगद्रव्य आणि ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात, तर वरचा पारदर्शक क्लिअर कोट चकाकी देतो व खालच्या थराला ऊन, पाणी आणि ओरखड्यांपासून जपतो. गॅरेजमध्ये वापरला जाणारा चांगला क्लिअर कोट बहुधा दोन घटकांचा असतो, म्हणजे तो नुसता वाळत नाही, तर हार्डनर मिसळल्यावर रासायनिक क्रियेने घट्ट होतो. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गातली रसायने असतात. हे नाव वाचून वाचकांना १९८४ सालचे भोपाळ आठवेल. तिथला वायू मिथाइल आयसोसायनेट होता. तो अतिशय चटकन हवेत मिसळणारा होता आणि रंगातले हार्डनर त्या मानाने फारच कमी उडते, तेव्हा दोन्ही एकच समजून घाबरून जाण्याचे कारण नाही. तरी कुळ तेच आहे. बाटली नुसती टेबलावर उभी असताना फारसे काही होत नाही. धोका खरा वाढतो तो फवाऱ्याने, कारण रंग फवारण्याच्या गनमधून किंवा स्प्रेच्या डब्यातून सुटलेले सूक्ष्म थेंब श्वासाबरोबर थेट छातीत उतरतात. एकदा का शरीराने या रसायनाशी वैर धरले, की पुढे अगदी थोड्या प्रमाणातही दम लागतो, आणि ते वैर सहसा आयुष्यभर सुटत नाही. स्प्रे पेंटरांना कामामुळे जडणाऱ्या दम्याचे हे एक प्रमुख आणि सर्वज्ञात कारण आहे. त्यातून याला सावध करणारा वास नाही. मुलांना जो उग्र वास येतो तो थिनरचा असतो, त्यामुळे वास गेला म्हणजे धोका गेला, हा त्यांचा समज उलटा पडतो.

आमच्याकडे बूथमध्ये, म्हणजे रंग फवारण्याच्या बंदिस्त खोलीत, वरून खाली वारा सोडलेला असे आणि गन हातात घेणाऱ्याला बाहेरून नळीने स्वच्छ हवा येणारी टोपी घालावी लागे. तरीही माझ्या बरोबरीच्या एका सहकाऱ्याने उन्हाळ्यात उकडते म्हणून काही दिवस ती टोपी टाळली. त्याला पुढे बूथच्या दाराशीही उभे राहता येईना, आणि उरलेली नोकरी त्याने स्टोअरमध्ये बसून काढली. इथे तर मुले इमारतीच्या बाल्कनीत, तोंडाला रुमाल बांधून, शेजारच्या दोरीवर कपडे वाळत असताना फवारतात.

यातली गंमत अशी, की बेझलला हे हार्डनर मुळात लागतच नाही. मोटारीचे बॉनेट दिवसभर उन्हात तापते, त्यावर पक्ष्यांची घाण पडते, पेट्रोल सांडते, आठवड्याला धुताना फडके घासले जाते. त्याला असला क्लिअर कोट हवाच. बेझल ही जेमतेम चार सेंटीमीटर व्यासाची कडी. तिच्यावर हवेने वाळणारा साधा, एका घटकाचा ॲक्रिलिक क्लिअर कोट पुरेसा होतो. तो सॅनिटायझरने मऊ पडतो आणि शर्टाच्या कफाशी घासून वर्षा-दोन वर्षांत कडेने उडतो हे खरे, पण तेव्हा पुन्हा रंगवावा. हौसेच्या कामाला एवढी घाई कशाला? फवारताना खिडक्या उघड्या ठेवणे आणि चांगला मास्क लावणे त्यालाही सुटत नाही, कारण थिनर त्यातही असतोच.

रंग टिकतो की नाही, हे क्लिअर कोटपेक्षा खालच्या तयारीवर जास्त अवलंबून असते. चकचकीत स्टीलवर रंग धरत नाही. बेझल घड्याळावरून उतरवून, ६०० नंबरच्या वॉटर पेपरने, म्हणजे पाण्यात भिजवून घासायच्या पॉलिश पेपरने, तिची चकाकी पूर्ण मारून, तेलाचा अंश पुसून, धातूला पकडणारा प्रायमर अगदी पातळ द्यावा लागतो. बेझल उतरवायची, कारण जुन्या घड्याळांची काच पुष्कळदा ॲक्रिलिकची असते आणि तिच्यावर थिनरचा एक शिंतोडा पडला तरी कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा उमटतात. मोटारीवर कारखान्यातले सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढे भरतात. पत्र्यावर ती जाडी कोणाच्या ध्यानातही येत नाही, परंतु फिरत्या बेझलच्या आतल्या भिंतीवर तेवढा रंग चढला तर ती घड्याळाच्या केसवर, म्हणजे धातूच्या मुख्य कवचावर, बसतच नाही, आणि जबरदस्तीने दाबून बसवली तर फिरत नाही. माझ्या पुतण्याने पहिल्या खेपेला नेमके हेच केले होते. शिवाय बेझलच्या बाहेरच्या कडेला पकडीसाठी दाते असतात. ओला रंग टोकांवरून मागे सरकतो आणि खाचांत साचतो, त्यामुळे भिंगातून पाहिले तर दात्यांची टोके उघडी व खाचा काळपट दिसतात. यावर एकच उपाय आहे, तो म्हणजे एका जाड हाताऐवजी चार पातळ हात, आणि प्रत्येक हातामध्ये दहा-पंधरा मिनिटांचा धीर.

मेटॅलिक रंगाची खोड तर याहून वेगळी. त्यातले ॲल्युमिनियमचे पापुद्रे पृष्ठभागाला समांतर निजले तरच समोरून उजळ आणि बाजूने गडद अशी ती लकाकी येते. ब्रशने लावला तर पापुद्रे ओढले जाऊन रेघा उठतात. फवारा जवळून, ओला मारला तर ते तरंगून ढगाळ डाग पडतात. हे पापुद्रे जड असल्याने तळाशी बसतात, म्हणून डबा निदान दोन मिनिटे हलवल्याशिवाय हातात घेऊ नये. मोटारीच्या दारावर जो रंग तलम दिसतो, तोच दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या कडीवर भरड, रवाळ वाटतो, तेव्हा छटा निवडताना बारीक पापुद्र्यांचीच निवडावी. आणि श्रावणातल्या पावसाळी दुपारी हे काम करूच नये. थिनर झरझर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली ओल बसते आणि गडद रंगावर दुधासारखी पांढुरकी झाक येते. आपल्याकडची डिसेंबर-जानेवारीची कोरडी दुपार या कामाला उत्तम.

विषयात आहे म्हणून एक विनंती करतो. घरातल्या जुन्या एचएमटीवर हा प्रयोग करू नये. जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला सुरू झालेले ते घड्याळाचे काम बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. वॉटर पेपर फिरवला की त्यांतल्या पुष्कळ घड्याळांच्या केसवरचा मुलामा निघून जातो, आणि तो घरी काही परत चढवता येत नाही. पुतण्याचा डोळा माझ्या वडिलांच्या घड्याळावरही होता. ते मी कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. मोटारीचे रंग घरगुती रंगांत मोडत नाहीत, म्हणून तो नियम त्यांना लागू नाही. पण हाच रंग जेव्हा अंगावर वागवायच्या, लहान मूल हातात घेऊन तोंडात घालू शकेल अशा वस्तूवर चढतो, तेव्हा डब्यावर काय लिहिले आहे हे वाचायला मिळणे अधिकच गरजेचे होते. आणि सुट्या बाटलीवर तर काहीच लिहिलेले नसते.

मी ती बाटली घेऊन त्याच दुकानात गेलो. काउंटरमागच्या फळीवर तशाच पंधरा-वीस बाटल्या भरून ओळीने लावलेल्या होत्या. दुकानदार सज्जन माणूस आहेत, त्यांनी पैसे परत केले, चहा विचारला आणि म्हणाले, "काका, गॅरेजवाले अर्धा लिटरचा डबा नेतात. या पोरांना पन्नास मिली हवं असतं. मी तरी काय करू?" अडचण खरी आहे, हे मलाही मान्य आहे. परंतु गिऱ्हाइकासमोर मापून देणे वेगळे आणि आधीच भरून विक्रीला मांडणे वेगळे. वैधमापनाच्या, म्हणजे वजन-मापांच्या कायद्याखालच्या, २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार आधी भरलेल्या पाकिटावर किंवा बाटलीवर भरणाऱ्याचे नाव-पत्ता, वस्तूचे नाव, प्रमाण आणि किंमत असावी लागते. या बाटल्यांवर त्यांपैकी एकही गोष्ट नव्हती.

तेव्हा आपल्या वृत्तपत्राद्वारे वैधमापन विभागाला विनंती आहे, की शहरातल्या रंगाच्या दुकानांत आधी भरून ठेवलेल्या अशा बाटल्यांची एकदा पाहणी करावी. रंगविक्रेत्यांनी औषधाच्या किंवा सरबताच्या वापरलेल्या बाटल्यांत हार्डनर भरणे आजच थांबवावे, कारण त्यासाठी कोणत्याही परवानगीची वाट पाहावी लागत नाही. सुटे द्यायचेच असेल तर मूळ डब्यावरच्या सूचनांची छायाप्रत बाटलीला चिकटवून द्यावी, आणि पन्नास मिली मागणाऱ्याला आधी एका घटकाचा क्लिअर कोट दाखवावा. ज्यांना दोन घटकांचाच हवा असेल त्यांनी बेझल गॅरेजच्या पेंटरकडे न्यावी. पुतण्याची बेझल आम्ही शेवटी आपल्या शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या एका ओळखीच्या पेंटरकडे दिली. त्यांच्याकडे त्याच निळ्या रंगाचे एक फेंडर, म्हणजे मोटारीच्या चाकावरचा पत्रा, बूथमध्ये होते. आतली भिंत टेपने झाकून, बेझल तांब्याच्या तारेला टांगून त्यांनी गनमधल्या उरलेल्या रंगाचे हात तिच्यावरही फिरवले आणि पैसे घेतले नाहीत.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त पेंट शॉप कामगार,
इंदिरानगर, नाशिक