एमएच ३७० आणि घरबसले डिटेक्टिव्ह

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या मलेशियन विमानावर तुमच्या रविवारच्या पुरवणीत 'एमएच ३७० चं गूढ अखेर उकललं?' असं अर्धं पान छापून आलंय. शेवटी प्रश्नचिन्ह लावलंय, म्हणजे उद्या कोणी जाब विचारला तर आम्ही नुसतं विचारलं होतं म्हणायला मोकळे. खाली वाचत गेलो तर सगळा मजकूर एका व्हिडिओवरून उचललेला, विमानाभोवती तीन चमकते गोळे गरागरा फिरतात, फ्लॅश होतो आणि विमान गायब. अहो, हा व्हिडिओ २०२३ मध्ये जगभर फिरून झालाय आणि त्याचा निकालही लागलाय. लोकांनी त्यातले ढग शोधून काढले, ते जपानमध्ये विमानातून काढलेले फोटो होते, इफेक्टवाल्यांसाठी वेबसाइटवर मिळणारे, आणि शेवटचा तो फ्लॅश नव्वदच्या दशकातल्या एका रेडिमेड इफेक्ट्सच्या कलेक्शनमधला निघाला. हे शोधून काढणारेही हौशीच होते बरं का, घरी बसून, कोणाचा पगार न घेता. त्यामुळे मी हौशी लोकांविरुद्ध पत्र लिहितोय असं समजू नका, मी स्वतः हॅम रेडिओवाला, म्हणजे छंद म्हणून रेडिओवर जगभर बोलणारा, आमची सगळी जमातच हौशी. माझी तक्रार वेगळी आहे.

आधी पक्कं काय आहे ते सांगतो, कारण तुमच्या अर्ध्या पानात नेमकं तेच नव्हतं. ८ मार्च २०१४, मलेशिया एअरलाइन्सचं बोइंग ७७७ क्वालालंपूरहून बीजिंगला निघालं, १२ कर्मचारी धरून २३९ माणसं. रात्री १ वाजून १९ मिनिटांनी कॉकपिटमधून गुड नाइट म्हटलं गेलं, दोनेक मिनिटांत ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र, गप्प, मग विमान उलटं वळलं, मलेशिया ओलांडून पेनांगच्या बाजूने मलाक्काच्या सामुद्रधुनीवर गेलं आणि २ वाजून २२ मिनिटांनी लष्करी रडारवरूनही दिसेनासं झालं. पण त्यानंतर सकाळी ८ वाजून १९ मिनिटांपर्यंत विमानातलं यंत्र इनमारसॅट कंपनीच्या उपग्रहाला अधूनमधून उत्तर देत होतं, त्यात कोणाचा आवाज नाही की विमान कुठे आहे त्याचा पत्ता नाही, नुसती हजेरी. त्या सिग्नलला जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून उपग्रहापासूनचं अंतर काढलं, फ्रिक्वेन्सी किती सरकली त्यावरून विमान उत्तरेला गेलं की दक्षिणेला ते काढलं, आणि गणित येऊन थांबलं दक्षिण हिंदी महासागरात. मग जुलै २०१५ मध्ये आफ्रिकेच्या बाजूच्या रियुनियन बेटाच्या किनाऱ्यावर पंखाचा एक भाग मिळाला, फ्लॅपरॉन, त्याच्यावर बार्नेकल, म्हणजे शिंपल्यासारखे समुद्री जीव, चिकटून बसलेले, आणि आतले नंबर जुळवून फ्रेंच तपासवाल्यांनी सांगितलं की हा याच विमानाचा. नंतर टांझानियात, मॉरिशसमध्ये, मोझांबिकमध्ये तुकडे मिळत गेले. आता विमान कझाकस्तानात उतरवलं, दिएगो गार्सियाच्या अमेरिकन तळावर लपवलं किंवा गोळ्यांनी गिळलं म्हणणाऱ्याने आधी हे तुकडे आफ्रिकेच्या बाजूला कसे पोचले ते सांगावं. काहीजण तेही सांगतात, म्हणे मुद्दाम नेऊन टाकले! अशांशी वाद घालण्यात अर्थ नाही, त्यांना जितका पुरावा द्याल तितका कट मोठा होतो.

२०१४ च्या त्या पहिल्या दिवसांत तर नुसती जत्रा होती. डिजिटलग्लोब कंपनीने आपले सॅटेलाइट फोटो टॉमनॉड नावाच्या साइटवर टाकले आणि लोकांना म्हटलं शोधा, लाखो लोक समुद्राचे फोटो चाळत बसले, साइट बंद पडायची वेळ आली. कोर्टनी लव्ह ही अमेरिकन गायिका, तिनेही एका फोटोवर बाण काढून हे बघा विमान, हे बघा तेल असं जाहीर केलं. चोरीच्या पासपोर्टवर चढलेले दोन इराणी तरुण निघाले तर जगाने तासाभरात त्यांना अतिरेकी ठरवलं, प्रत्यक्षात ते युरोपात आसरा शोधायला निघालेले. क्वालालंपूरच्या विमानतळावर एक बाबा नारळ आणि बांबूची दुर्बीण घेऊन विमान शोधायला आला. हसू येतं, पण एका ऑस्ट्रेलियन कंपनीने विमानाचे अवशेष बंगालच्या उपसागरात आहेत असा दावा केला तेव्हा बांगलादेशच्या नौदलाला खरोखरची जहाजं पाठवावी लागली, आणि मिळालं काही नाही. दावा करणाऱ्याचं काय जातं, डिझेल दुसऱ्याचं.

गुगल मॅपवर कंबोडियाच्या जंगलात विमान 'सापडलं' ती २०१८ ची बातमी तुमच्याकडेही झळकली होती. सॅटेलाइट वरून फोटो काढतो, खाली उडत चाललेलं विमान असलं तर ते झाडांवर पडल्यासारखंच दिसणार. वर कॅमेरा लाल, हिरवा, निळा रंग किंचित मागेपुढे टिपतो, म्हणून चालत्या विमानाला रंगीत सावल्या येतात. पाहायचंय? मॅप उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा, मुंबई विमानतळाच्या धावपट्टीची रेष धरून घाटकोपर-कुर्ल्याच्या छपरांवर झूम करत जा, नशीब असेल तर तिथेही एखादं विमान 'कोसळलेलं' दिसेल. पुरवणीच्या डेस्कवर पाच मिनिटांत होणारं काम आहे हे.

आता माझ्या घरच्या विषयाकडे येतो. गेली काही वर्षं एक थिअरी जोरात आहे, डब्ल्यूएसपीआरची. आम्ही हौशी लोक एकदम कमी पॉवरचे सिग्नल सोडतो, एक-दोन वॉट किंवा त्याहूनही कमी, जगात कुठे कोणाला ऐकू आले त्याची आपोआप नोंद होते, सिग्नल त्या वेळी किती लांब पोचतायत ते कळतं, एवढाच त्याचा उपयोग. एका ब्रिटिश इंजिनियरने, रिचर्ड गॉडफ्रे यांनी, त्या रात्रीच्या जुन्या नोंदी काढल्या आणि म्हटलं की सिग्नलच्या वाटेत विमान आलं की नोंदीत गडबड दिसते, त्या गडबडी जोडल्या की विमानाचा मार्ग मिळतो. ऐकायला भारी वाटतं, आणि आमच्या छंदाचं नाव पेपरात येतं म्हणून आमच्यातले कितीतरी खूशही झाले. पण जो माणूस रात्री रेडिओ लावून बसलाय त्याला माहितीये की सिग्नल चढणं-उतरणं हा तर नेहमीचाच खेळ, आयनोस्फियर, म्हणजे रेडिओ लहरी परतवणारा वातावरणाचा वरचा थर, मिनिटामिनिटाला बदलतं, विमान असो नसो. हजारो किलोमीटर लांबच्या विमानावर आपटून परत आलेला एक-दोन वॉटचा सिग्नल त्या गोंधळातून वेगळा काढायचा कसा? ज्यांनी डब्ल्यूएसपीआर तयार केलं ते जो टेलर, १९९३ चे फिजिक्सचे नोबेलवाले, त्यांनीच सांगितलंय की याने विमान शोधणं हा वेडेपणा आहे. तरीही गॉडफ्रेंना मी त्या गोळेवाल्यांच्या रांगेत बसवणार नाही, त्यांनी आपलं गणित मांडून ठेवलंय, लिव्हरपूलच्या विद्यापीठवाल्यांनी ते तपासायला घेतलं, पटलं नाही तर कुठे पटलं नाही हे बोट ठेवून सांगता येतं. मला न पटणारी थिअरीसुद्धा अशी असावी.

अशीच दुसरी मंडळी म्हणजे इंडिपेंडंट ग्रुप. वेगवेगळ्या देशांतले इंजिनियर, शास्त्रज्ञ, कोणीच नेमलेलं नाही. नातेवाइकांनी मागणी लावून धरली तेव्हा मे २०१४ मध्ये उपग्रहाच्या नोंदींची ४७ पानं बाहेर आली, आणि ही मंडळी ती पानं घेऊन बसली, एकमेकांच्या चुका काढत. ऑस्ट्रेलियाच्या अधिकृत तपासवाल्यांनी त्यांच्या कामाची दखल घेतली. आणि ब्लेन गिब्सन, अमेरिकन वकील, स्वतःच्या खर्चाने किनारे तुडवत फिरला आणि २०१६ मध्ये मोझांबिकच्या वाळूवर 'नो स्टेप' छापलेला तिकोनी तुकडा त्याला मिळाला, तो त्याने तपासाला दिला. बक्षीस काय, तर हा तुकडे स्वतःच पेरतो असे आरोप, तेही खुर्चीतून न उठलेल्यांचे.

या सगळ्यात त्या विमानाचे कॅप्टन झहारी अहमद शाह यांचं काय करून ठेवलंय ते बघा. त्यांच्या घरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये दक्षिण हिंदी महासागराकडे जाणाऱ्या मार्गाचे काही पॉइंट मिळाले, हे खरं आहे आणि साधंही नाही. विमान वळलं ते ऑटोपायलटने नाही, हाताने वळवलं हेही मलेशियाच्या जुलै २०१८ च्या रिपोर्टमध्ये आहे. पण त्याच रिपोर्टने हेही लिहिलंय की त्यांच्या वागण्यात ताण, चिंता असं काही आढळलं नाही, तिसऱ्या कोणाचा हात नाकारता येत नाही आणि कारण ठरवता आलं नाही. यूट्यूबवर पहिली दोन वाक्यं ओरडून सांगतात, पुढची खातात. त्यांची बायको-मुलं आहेत, त्यांनाही यूट्यूब दिसतं.

आणि नातेवाईक. विमानात पाच भारतीय होते, त्यात आपली मराठी माणसंही होती, त्यांच्या घरचे हाच पेपर वाचत असतील. बीजिंगच्या लिडो हॉटेलात जमलेल्या लोकांनी आपल्या माणसांचे मोबाइल लावले तर काहींना रिंग ऐकू आली. लगेच जगभर झालं की फोन वाजतायत, म्हणजे माणसं जिवंत आहेत, कुठेतरी कोंडलीयत. आता आपण फोन लावतो तेव्हा कानात वाजणारी ट्रिंग ट्रिंग म्हणजे समोरचा फोन वाजतोय असं नसतं, नेटवर्क तो फोन शोधत असतानाही आपल्याला ती ऐकवली जाऊ शकते, विमान पाण्यात असलं तरी. हे टेलिकॉमवाल्यांनी त्याच आठवड्यात सांगितलं होतं. पण ते ऐकलं किती जणांनी, आणि रिंगच्या भरवशावर फोन लावत बसलेली आई किती दिवस लावत बसली असेल? २४ मार्चला मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान नजीब यांनी विमान समुद्रात गेल्याचं जाहीर केलं, एअरलाइनने अनेकांना एसएमएस पाठवून कळवलं की कोणी वाचलेलं नाही. ज्यांना अशी बातमी एसएमएसवर मिळाली त्यांना दर सहा महिन्यांनी कोणीतरी नवीन थंबनेल दाखवतं, 'विमान सापडलं, आत एकही सांगाडा नाही'. ३५ वर्षांनी ९२ सांगाडे घेऊन उतरलेलं विमान म्हणून जी गोष्ट व्हॉट्सअॅपवर येते ना, ती एका अमेरिकन टाइमपास साप्ताहिकाने १९८९ मध्ये रचलेली, तीच आता मराठीत 'मित्रांनो' म्हणून येते.

लोक विचारतात, आजच्या काळात एवढं मोठं विमान सापडत कसं नाही? आपल्या हवाई दलाचं एएन-३२ घ्या, २२ जुलै २०१६ ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालं, २९ जण होते. चेन्नईपासून साधारण ३१० किलोमीटरवर, ३४०० मीटर खोल, ते सापडलं जानेवारी २०२४ मध्ये. विमान कुठल्या पट्ट्यात गेलं हे ठाऊक असताना साडेसात वर्षं लागली. एमएच ३७० साठी २०१७ पर्यंत १ लाख २० हजार चौरस किलोमीटर तळ तपासला, २०१८ मध्ये ओशन इन्फिनिटी या खासगी कंपनीने अजून १ लाख १२ हजारांच्या वर, दोन्ही मिळून पाऊण महाराष्ट्र झाला, तोही काही ठिकाणी काही किलोमीटर खोल पाण्याखालचा, डोंगरदऱ्यांचा, ज्याचा धड नकाशाही आधी नव्हता. २०२५ मध्ये ते परत उतरले, खराब हवामानाने थांबावं लागलं. हे रटाळ आहे, मान्य, याला थंबनेल होत नाही.

तेव्हा मागणी एवढीच. यापुढे असं काही छापाल तेव्हा सोबत चौकट टाका, दावा कोणाचा, त्याने मूळ नोंदी वापरल्यात का, रियुनियनच्या तुकड्याचं तो काय करतो, आणि कोणी तपासलं. चार ओळी पुरतात. ज्याच्याकडे या चारांची उत्तरं नाहीत त्याला राशिभविष्याच्या पानावर जागा द्या, तिथे कोणी पुरावा मागत नाही. आणि मेलेल्या पायलटला खुनी ठरवायचं असेल तर निदान तो ४९५ पानांचा रिपोर्ट तुमच्या ऑफिसात कोणीतरी आधी वाचलेला असावा.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागेअभावी कापावं लागलं तर रेडिओचा परिच्छेद खुशाल उडवा, आमचे लोक रागावतील पण मी समजावीन. फोनच्या रिंगचा मात्र ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे