रिकाम्या रकान्याबद्दल आभार, सिस्टर

आदरणीय सिस्टर,

तुम्ही निवृत्त झालात हे मला गेल्या महिन्यात ओपीडीत गेल्यावर कळलं. तुमच्या टेबलाशी दुसऱ्याच कोणी बाई बसल्या होत्या. पत्ता विचारायचा धीर झाला नाही, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडलं नसतं.

मी विट्याचा. नवव्या वर्षी टाईप वन मधुमेह निघालेला आणि अकरावीत वडिलांच्या पाठीमागे लपून तुमच्यासमोर आलेला. माझी शुगरची वही तुम्ही हातात घेतलीत, पानं उलटलीत, एक पान उजेडात तिरकं धरलंत. मग वडिलांना केसपेपरवर शिक्का मारून आणायला खाली पाठवलंत. ते जिना उतरल्यावर म्हणालात, "तीन महिने रोज चार वेळा बोट टोचतोस आणि एकाही पानावर रक्ताचा ठिपका नाही? पेनसुद्धा एकच."

माझी वाचाच बसली. वहीत एकही आकडा १४०च्या वर नव्हता आणि तुमच्यासमोरच्या रिपोर्टात एचबीएवनसी होतं १०.८, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी २६०च्या घरात. आता ओरडा बसणार म्हणून मी मान खाली घातली. तुम्ही एवढंच विचारलंत, "स्ट्रिपा महाग पडतात का रे?"

पडायच्याच. एक स्ट्रिप तेव्हा वीस-बावीस रुपयांना आणि घर दोन म्हशींच्या दुधावर. पण खरं सांगायचं तर पैसे हे अर्धंच कारण होतं. २८० आकडा आला की आई जेवायची नाही. तिला जेवायला लावायचं म्हणून मी १२० लिहायचो.

तुम्ही वहीचं नवं पान काढलंत, पट्टीने रकाने आखलेत. सोमवारी नाश्त्याआधी आणि नंतर, मंगळवारी दुपारच्या जेवणाआधी आणि नंतर, बुधवारी रात्रीच्या. रोज दोनच स्ट्रिपा, पण आठवड्याभरात सगळा दिवस डोळ्यांखालून जातो. आणि म्हणालात, "नाही तपासलं तर रकाना रिकामा सोड. रिकाम्या रकान्यावर मला काम करता येतं, खोट्या आकड्यावर नाही करता येत. त्या १२० वर डॉक्टर डोस ठरवतात, बाळा."

मग तुम्ही माझं पोट चाचपलंत. बेंबीच्या दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या दोन गाठी. तिथे सुई दुखत नाही म्हणून वर्षानुवर्षं मी तिथेच टोचत होतो आणि इन्शुलिन त्या गाठीत कधी मुरायचं, कधी नाही. जागा बदलायला लावतानाच बजावलंत की नव्या जागी तेच युनिट जास्त लागू पडतील, डॉक्टरांनी डोस कमी केलाय तेवढाच घे, उशाशी साखर ठेव. तरी तिसऱ्या रात्री अडीचला घामाने भिजून उठलो. मशीन ५४ दाखवत होतं. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासणी, सगळं तुम्ही सांगितलं तसं. त्या पानावर रक्ताचा पहिला ठिपका पडला.

साखरेने किडनी बिघडते याचं मात्र मला काहीच ठाऊक नव्हतं. वडिलांना तर किडनीचं दुखणं म्हणजे म्हातारपणचा आजार वाटायचा. तुम्ही पहाटेच्या पहिल्या लघवीचा नमुना मागितलात. विटा-सांगली एसटीत ती बाटली मी डब्याच्या पिशवीत घेऊन बसलो होतो आणि शेजारचे आजोबा सारखे विचारत होते, डब्यात काय आहे म्हणून. लघवीतून जाणाऱ्या प्रथिनाचा रिपोर्ट आला ७४. तीसच्या आत हवा. डॉक्टरांनी काही बोलण्याआधी तुम्ही विचारलंत, "काल पळालास का?" पळालो होतो. पोलीस भरतीच्या १६०० मीटरचा सराव चालू होता. व्यायामाने, तापाने, लघवीच्या इन्फेक्शनने हा आकडा तात्पुरता चढतो, एका रिपोर्टवर घाबरायचं नसतं, हे तेव्हा कळलं. पुढच्या काही महिन्यांत दोन नमुने न पळता दिले. ६१ आणि ५२. तीनांतले दोन जास्त आले तरी किडनीतून प्रथिन गळतंय असं धरतात, माझे तिन्ही.

"पण क्रिएटिनिन तर नॉर्मल आहे की," वडील रक्ताच्या रिपोर्टातला किडनीचा आकडा दाखवत म्हणाले. त्यावर तुम्ही दिलेलं उत्तर ते अजून गावात सांगतात. किडनी म्हणजे पिठाची चाळण. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की तिची हळूहळू रव्याची चाळण होते आणि रक्तातलं प्रथिन खाली गळायला लागतं. क्रिएटिनिन वाढतं ते फार उशिरा, किडनी बरीच निकामी झाल्यावर. गळती आत्ता दिसली हे नशीब, आत्ता ती थांबवता येते, मागेही फिरवता येते.

वडिलांचा पुढचा प्रश्न तयारच होता: पोराला बीपी नाही, मग रॅमिप्रिल ही बीपीची गोळी कशाला? "ही चाळणीवरचा दाब कमी करायला आहे," तुम्ही म्हणालात, आणि पोटॅशियम तपासायची तारीख केसपेपरवर लाल पेनाने लिहिलीत. गुडघा दुखला की मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या मी खात होतो, त्या त्याच दिवशी बंद केल्यात. इन्शुलिन सोडवणारा काढा कोणीतरी सुचवला होता, त्याचं तर नावसुद्धा पुरतं ऐकून घेतलं नाहीत!

आणि एक वाक्य. आठवीपर्यंत बरी असलेली साखर नंतर का बिघडली असं मी रडकुंडीला येऊन विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "वाढीच्या वयातले हार्मोन इन्शुलिनला जुमानत नाहीत. डोस वाढवावा लागतो. त्यात तुझा गुन्हा नाही." दोन वर्षं मी स्वतःला चोर समजत होतो, सिस्टर.

पुढे कॉलेजात मी स्वतः वाचलं. अमेरिका-कॅनडात १९८३ ते १९९३ एक मोठा अभ्यास झाला होता, टाईप वनचे १४४१ जण, वयं १३ ते ३९. एका गटाचं एचबीएवनसी सातच्या आसपास ठेवलं, दुसऱ्याचं नऊच्या आसपास राहिलं. सातवाल्यांत लघवीतून प्रथिन जायला लागण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांच्या साखरा जवळजवळ सारख्या झाल्या, तरी आधीच्या चांगल्या वर्षांचा फायदा पुढे कितीतरी वर्षं टिकला. मात्र सातवाल्यांत साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग तिपटीच्या आसपास होते. उशाशी साखर ठेवायला तुम्ही का लावलंत, ते तिथे उमगलं.

आता मी चोवीस वर्षांचा आहे. भरती काही झाली नाही, दूध डेअरीत हिशेब लिहितो (आकडे खरे लिहितो, हसू नका). दिवसाला चार सुया, एचबीएवनसी ७.४, लघवीतलं प्रथिन १८. गोळी चालू आहे. आई जेवते.

नव्या बाईंनी परवा माझी वही बघितली आणि गेल्या गुरुवारच्या रात्रीच्या रकान्यावर बोट ठेवलं. तो रिकामा आहे. चुलतभावाच्या वरातीत नाचत होतो, तपासायचं राहून गेलं. त्यांना तेच सांगितलं.

तुमचा,
विट्याचा एसटीतला बाटलीवाला