बाळ रामराम घालत नव्हतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बाळाच्या दचकण्यावर लेख आला होता. तान्हं बाळ झोपेत दचकतं, हात फाकवतं, ओठ हलवतं, आयांनी उगीच घाबरू नये, असं त्यात म्हटलंय. लेख बरोबरच आहे. पण माझ्या बायकोनं तो वाचला, पेपरची घडी घातली आणि माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "तुम्ही लिहा." तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल सोडून मला फारसं काही लिहायची सवय नाही, तेवढं सांभाळून घ्यावं.

मी एसटीत वाहक आहे, माण तालुक्यातला. आमची मुलगी पाच महिन्यांची होती. मी मुक्कामाची गाडी करून सकाळी घरी आलो, तेव्हा ती नुकतीच झोपेतून उठली होती. एकदम मान खाली गेली, दोन्ही हात पुढं आले, गुडघे पोटाशी. सेकंदभरच. मग अंग सैल. पाच-सात सेकंदांनी परत तसंच. आई कौतुकानं म्हणाली, "बघ, बापाला रामराम घालतीय." सगळे हसलो. मीही हात जोडून रामराम घातला.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. शेवटी ती रडायची, जणू कुणी चिमटा काढलाय. घरात ज्याचं त्याचं म्हणणं वेगळं. आई म्हणाली, सटवाई खेळवते. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, दात येताहेत. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि गॅसचे थेंब दिले. त्यांचा मला राग नाही. त्यांच्यापुढं ती खदखदून हसत होती, आणि मी तोंडी काय सांगितलं असेल? "साहेब, बाळ मधेच आखडतं." एवढ्यावरून कुणाला काय कळणार.

कंडक्टरला मोजायची खोड असते. तिकीट मशीनच्या उरलेल्या कागदावर मी आकडे मांडायला लागलो. सकाळी उठल्यावर 14. दुपारी उठल्यावर 22. रात्री दूध पिऊन झाल्यावर 9. झोपेतून उठलं की हमखास, आणि एकामागून एक, रांगेनं. हे दचकणं नव्हे, असं मला त्या कागदावरून वाटायला लागलं. भांडं पडलं की बाळ एकदा दचकतं, हात फाकवतं, संपलं. तेही चार-सहा महिन्यांत कमी होत जातं. हिचं मात्र कसलाही आवाज नसताना चालायचं, आणि दिवसेंदिवस वाढत होतं.

आणखी एक गोष्ट बायकोच्या लक्षात आली, माझ्या नाही. बांगड्या वाजवल्या की मुलगी मान वळवायची, ती वळवेनाशी झाली. हसूही कमी झालं. बायको म्हणाली, "ही माझ्याकडं बघते, पण मला बघत नाही." त्या रात्री मी मोबाईलवर 40 सेकंदांचा व्हिडिओ काढला. पहिला झटका आला तेव्हापासून तोवर 24 दिवस गेले होते.

पुण्यात मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला आणि त्याच दिवशी ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढायला सांगितला. डोक्याला तारा लावून, बाळाला झोपवून. कागदावरच्या रेषा नुसत्या अस्ताव्यस्त होत्या, माझ्यासारख्यालाही दिसत होतं. अशा रेषांना रिपोर्टवर शब्द होता हिप्सऱ्हिदमिया. आजाराचं नाव वेस्ट सिंड्रोम. ही फिटच असते, म्हणाले, पण फेस येत नाही, डोळे पांढरे होत नाहीत, म्हणून लोकांना फिट वाटत नाही. बहुतेक वेळा पहिल्या वर्षातच सुरू होते. उपचाराला जेवढा उशीर, तेवढी बाळाची वाढ मागं पडायची भीती जास्त. मग त्यांनी विचारलं, जन्मल्यावर काही त्रास? दुसऱ्या दिवशी रक्तातली साखर फार खाली गेली होती. डिस्चार्जच्या कागदावर तसं लिहिलेलं होतं. तो कागद आम्ही ट्रंकेत, जमिनीच्या उताऱ्याशेजारी जपून ठेवलेला. आपल्याकडं या आजारामागं जन्माच्या वेळी बाळ गुदमरणं किंवा अशी साखर उतरणं पुष्कळदा असतं, हे तेव्हा समजलं.

हा वेस्ट कोण, ते डॉक्टरांनीच सांगितलं. इंग्लंडातल्या टनब्रिज गावचा डॉक्टर, विल्यम जेम्स वेस्ट. त्याच्या स्वतःच्या मुलाला चौथ्या महिन्यापासून असेच झटके यायचे, मान पुढं झुकायची. आधी त्यानंही फारसं मनावर घेतलं नाही. जळवा लावल्या, डोक्यावर गार पाणी, काय काय केलं. शेवटी 1841 साली त्यानं 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं, की असा आजार कुणी पाहिला असेल तर सांगा. लंडनच्या एका मोठ्या डॉक्टरनं त्याला नाव दिलं होतं 'सलाम'चे झटके. हे ऐकलं आणि मला आईचा रामराम आठवला. पोरगं वाकतं तेव्हा तिकडच्यांना सलाम दिसला, आम्हाला रामराम. वेस्टचा मुलगा बरा झाला नाही. त्याच्या काळी औषधच नव्हतं, हार्मोनचं इंजेक्शन यावर उपयोगी पडतं हे पुढं 1958 साली कळलं.

आमच्या मुलीला स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. तोंड सुजलं, सारखी भूक, रात्रभर किरकिर, दर आठवड्याला रक्तदाब तपासायचा. बायको कंटाळून एकदा म्हणाली, यापेक्षा ही आधी बरी होती. अकराव्या दिवशी झटके थांबले. मी तीन दिवस कागद कोराच ठेवला, तारीख टाकून फक्त शून्य लिहीत गेलो. दुसरा ईईजी बराच नीट आला. आता ती 14 महिन्यांची आहे. बसते. उभी राहत नाही. व्यायामाला जिल्ह्याला नेतो. मला बघते.

आता मुद्द्याचं. आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवरच्या तक्त्यात बाळाच्या धोक्याच्या खुणांमध्ये 'झटके' असा एक शब्द आहे. तो वाचून कुणाच्याही डोळ्यापुढं तडफडणारं, फेस आलेलं बाळ येतं. आमच्या डोळ्यापुढं तेच आलं, म्हणून तर महिना गेला. त्या शब्दापुढं एक ओळ वाढवायला काय खर्च आहे? 'झोपेतून उठल्यावर बाळ रांगेनं पुन्हा पुन्हा मान टाकत असेल, हात पुढं फेकत असेल, तर मोबाईलवर टिपा आणि दाखवा.' आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यात घरी येतात. वजन, लस, वरचं खाणं विचारतात, तसं हेही विचारावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरातून सुरू झाला, मुलांच्या तपासणीची त्यांची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. चांगलं काम आहे, पण दोन फेऱ्यांच्या मधल्या सहा महिन्यांतच आमच्या घरी हे सगळं घडून गेलं. गाडीची वाट बघून हे भागणारं नाही. घरातल्याच माणसाला ते ओळखता यायला हवं.

कृपया माझं नाव छापू नये. मला लाज नाही, पण गावात 'हिला लहानपणी फिट यायची' हे मुलीच्या लग्नापर्यंत लोक विसरणार नाहीत.

तो व्हिडिओ अजून मोबाईलमध्ये आहे. बायको पुसा म्हणते, मी पुसत नाही. डेपोत पुष्कळांना दाखवलाय. गेल्या महिन्यात आमच्या एका ड्रायव्हरनं नातवाचा असाच व्हिडिओ काढून डॉक्टरांकडं नेला. त्यांनी बघून सांगितलं, हे साधं दचकणं आहे, काही नाही. दुसऱ्या दिवशी तो डेपोत माझ्यावर ओरडला, तुझ्यामुळं अर्धी रजा गेली. मी म्हटलं, जाऊ दे, चहा माझ्याकडून.

आपला,
एक एसटी वाहक, ता. माण, जि. सातारा