रात्रपाळी सुरू होण्याआधी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल तू म्हणालीस, "आई, मी इथे शिकायला आलेय, झोपायला नाही," आणि फोन ठेवलास. मी रागावलेले नाही. शेवटच्या सत्राचं प्रशिक्षण विमानं दुरुस्त करतात त्या हँगरमध्ये, तेही पहिल्या यादीत नाव, ही बातमी सांगायला तू केवढ्या उत्साहाने फोन केला होतास, आणि आपलं बोलणं रात्रपाळीवरच अडकलं. म्हणून जे फोनवर राहून गेलं ते आधी लिहिते. आम्हा दोघांना फार आनंद झाला आहे. बाबांनी रात्रीच काकाला कळवलं. ते अजून 'एरोनॉटिकल इंजिनिअरिंग' म्हणतात आणि मी प्रत्येक वेळी 'टेक्नॉलॉजी' म्हणून दुरुस्त करते. विमानाचा आराखडा करणारे मोठे, असं त्यांच्या मनात कुठेतरी आहे. मला तसं वाटत नाही. आराखडा एकदा होतो. विमान मात्र पंचवीस-तीस वर्षं उडतं, आणि तेवढी सगळी वर्षं कुणीतरी पॅनेल उघडून, टॉर्च धरून आत बघावं लागतं.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तू आजीला विमान हवेत कसं राहतं ते सांगत होतीस, ते मी आतून ऐकत होते. पंखाच्या वरची हवा आणि खालची हवा मागच्या कडेला एकाच वेळी पोचते म्हणून वरची जोरात पळते, हे पुष्कळ पुस्तकांत छापलेलं असलं तरी खोटं आहे, वरची हवा खरं तर आधीच पोचते, असं तू ठासून सांगितलंस. पंख हवेला खाली लोटतो आणि हवा पंखाला वर. नाक फार वर केलं की साधारण पंधरा अंशांच्या पुढे हवा पंखाच्या पाठीवरून सुटते आणि विमान खाली बसतं. आजीने हात तिरका धरून पाहिला आणि म्हणाली, "मग फार नाक वर करू नये माणसाने." तू किती हसलीस!

त्याच सुट्टीत तू कॉमेट नावाच्या जुन्या जेट प्रवासी विमानांचं सांगितलंस. १९५४ साली दोन विमानं हवेतच फुटली, आणि मग अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून, दाब पुन्हापुन्हा चढवून-उतरवून कारण शोधलं. वर गेलं की आतली हवा कवचाला बाहेर ढकलते, खाली आलं की सोडते. दर उड्डाणाला असं होतं आणि खिडकीच्या कोपऱ्यासारख्या जागी बारीक चीर सुरू होते. अ‍ॅल्युमिनियमला पोलादासारखी 'याखालचा ताण कितीही वेळा चालेल' अशी मर्यादा नसते, थोडा थोडा ताणही साठत जातो, म्हणून विमानाचं वय नुसतं वर्षांत धरत नाहीत, उड्डाणं मोजतात. मला ते फार पटलं होतं. पण मनू, विमानाच्या उड्डाणांची नोंद वहीत असते. तुझ्या लागोपाठ किती रात्री झाल्या याची नोंद कोण ठेवतं?

बघ, यावर लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

पण तूच सांगितलेली दुसरी गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. १९९० चा जून. विमान सतरा हजार फुटांवर असताना पायलटसमोरची काच निघून गेली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. केबिनमधल्या लोकांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान उतरवलं, सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा. तू ते सहवैमानिकाच्या कौतुकाने सांगत होतीस. मी मात्र त्या दुसऱ्या माणसापाशी थांबले, ज्याने आदल्या दिवशी ती काच बसवली होती. माणसं कमी होती म्हणून पाळीच्या प्रमुखाने काम स्वतःच अंगावर घेतलं. वेळ पहाटेची. जुना बोल्ट हातात धरून त्याच्याशी जुळणारे नवे त्याने नजरेने निवडले. ९० पैकी ८४ बोल्ट जाडीला कमी निघाले. किती कमी? पाऊण मिलिमीटरही नाही. तो काही आळशी किंवा अडाणी नव्हता, वर्षानुवर्षं हेच काम करणारा माणूस होता. म्हणूनच मला भीती वाटते.

कारण ती वेळ मला ठाऊक आहे. इतकी वर्षं ऑपरेशन थिएटरला रात्रीची ड्यूटी केली आहे मी. तीन ते पाचच्या मध्ये माणसाला झोप आली आहे असं वाटतच नाही, उलट सगळं नीट चाललंय असंच वाटतं. हात सवयीने चालतात. डोळ्यांना जे दिसायला हवं असतं तेच दिसतं. म्हणून आम्ही टाके घालण्याआधी गॉज मोठ्याने मोजतो, एकीने मोजायचं, दुसरीने ऐकायचं. तुमच्याकडे प्रत्येक पान्ह्याची फळीवर आकार काढलेली जागा असते आणि ती रिकामी दिसली तर विमान सोडत नाहीत, हे ऐकून मला बरं वाटलं होतं. तिथेही कुणीतरी विचार केला आहे.

तर पहाटे चारला कसलाही भाग नजरेने जुळवायचा नाही. नंबर वाचायचा, मॅन्युअल उघडायचं, पाठ असलं तरी उघडायचं. बोल्ट नेमका किती घट्ट झाला ते दाखवणारा टॉर्क रेंच लावायचा. काम अर्धं टाकून उठावं लागलं तर परत आल्यावर तीन पायऱ्या मागून सुरू करायचं. पाळी बदलताना तोंडी सांगून भागवायचं नाही, लिहून द्यायचं. आणि कुणी मोठा माणूस म्हणाला, "झालंय सगळं, कर सही," तर...

तुला हे सगळं वर्गात शिकवलं आहे, मला माहीत आहे. माफ कर. मी आई आहे, तुझी इन्स्ट्रक्टर नाही.

पण सहीचं वाक्य पुरं करते. लायसन्स यायला अजून परीक्षा आहेत, अनुभवाची वर्षं आहेत. ते आलं की सही तुझी असेल आणि तिच्या भरवशावर लोक मुलं-बाळं घेऊन बसतील. जे काम स्वतः पाहिलं नाहीस त्यावर ती करू नकोस. विमान सुटायला उशीर होतोय, सगळे तुझ्याकडे बघतायत, तरी नाही म्हण. नाही म्हणायला जागं डोकं लागतं. दमलेलं माणूस होच म्हणतं, मी पाहिलं आहे.

तू तशी नव्हतीस कधी. आजीचा टेबलफॅन तू उघडलास तेव्हा केवढीशी होतीस. स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून प्रत्येकाभोवती पेन्सिलीने गोल केले होतेस, आणि दादाने वाऱ्याने उडेल म्हणून कागद हलवला तेव्हा रडून घर डोक्यावर घेतलंस. तुला जेवायला बोलावलं तर म्हणालीस, "हे पुरं झाल्याशिवाय उठले तर विसरेन." बाबा तेव्हाच मला म्हणाले होते, हिच्या हातात काहीही द्यावं. ते तुझ्यासमोर बोलत नाहीत, म्हणून मी लिहिते.

म्हणजे तुझ्या हातांची मला काळजी नाहीच. फक्त...

जाऊ दे. रोस्टर मिळालं की त्याचा फोटो पाठव. तुझी पाळी कधी सुटते ते कळलं तर मी त्या वेळी फोन करणार नाही आणि दादालाही सांगेन. खोलीच्या खिडकीला जाड पडदा नसेल तर आधी तो लाव, दिवसा झोपायचं म्हणजे अंधार हवा. कानात घालायचे बोळे माझ्याकडे आहेत, पाठवते. आजी विचारतेय, पहिलं विमान कुठलं मिळणार. तिला सांगायला नाव आणि इंजिनं किती ते लिही, ती शेजारी सांगणार आहे.

तुझी,
आई