आरोग्यमंत्री साहेब, माझी फवारणीची वही तपासता, मग मेडिकलचं रजिस्टर का नाही?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

सा. न. वि. वि.

मी तासगाव भागातला द्राक्षवाला शेतकरी. डॉक्टर नाही, कुठल्या पक्षाचाही नाही. तुमचा वेळ घ्यायची इच्छा नव्हती, पण मंगळवारी जे झालं त्यानंतर गप्प बसवेना.

मंगळवारी आईला परत लघवीला जळजळ सुरू झाली, अंगात थंडी भरली, म्हणून जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. सोबत कॅरीबॅगमध्ये फाइल होती, वीतभर जाड. मी ती पुढे केली, तर "असू दे, असू दे" म्हणत त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं, सेफिक्झिम 200 हे अँटिबायोटिक, पाच दिवस. लघवी तपासायची का विचारलं तर म्हणे, "आधी हे घ्या, नाही उतरलं तर बघू."

साहेब, हे "नाही उतरलं तर बघू" मी गेल्या सप्टेंबरात तीनदा ऐकलंय. तेव्हा डॉक्टर दुसरे होते, वाक्य हेच. आधी सेफिक्झिम, मग लेवोफ्लॉक्सासिन, मग फॅरोपेनेम, "हे एकदम भारी आहे" म्हणून. तिन्ही वेळा तपासणी शून्य. मग आई बरळायला लागली, बीपी खाली, रात्री दोनला ॲम्ब्युलन्स आणि अकरा दिवस आयसीयू.

चौथ्या दिवशी कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून त्यावर कुठलं औषध चालतं ते बघतात त्या तपासणीचा, रिपोर्ट हातात आला. जंतू ई. कोलाय. खाली औषधांची यादी आणि पुढे आर, आर, आर, आर, म्हणजे रेझिस्टंट, चालत नाही. मेरोपेनेम या भारी इंजेक्शनपुढेही आर. कोलिस्टिन या शेवटच्या पर्यायापुढे आय, म्हणजे मधलंच, होता, त्याला आता एस, म्हणजे नक्की चालतं, असा शेरा देतच नाहीत म्हणे, म्हणजे लागू पडेलच अशी खात्री कोणी देत नाही. अख्ख्या कागदावर एस एकच, नायट्रोफ्युरँटॉइन. मी पळतच डॉक्टरीणबाईंकडे गेलो, ही द्या की मग. त्या म्हणाल्या, "दादा, ती गोळी मूत्राशयापुरती चालते, आईंचं आता रक्तात गेलंय." जुनी, स्वस्तातली गोळी आहे ती. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या गाइडलाइनमध्ये लघवीच्या साध्या इन्फेक्शनला सुरुवातीलाच तिचं नाव आहे. पहिल्या दिवशी ती लिहिली असती तर? हा विचार मला अजून रात्री झोपू देत नाही. शेवटी कोलिस्टिन दिलं, त्याने किडनीवर ताण आला, दोनदा डायलिसिस. बिल चार लाख साठ हजार, ऑक्टोबर छाटणीचे पैसे तिथंच संपले. आई जगली, पण आता जिना चढत नाही.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टरांमध्ये जागृती करू. नको साहेब! त्यांना सगळं माहीत आहे. माझा शाळेतला एक मित्र डॉक्टर आहे, तो स्पष्ट म्हणाला, "नाही लिहिलं तर पेशंट समोरच्याकडे जातो आणि तो दोन लिहितो. कल्चरला तीन दिवस लागतात, पेशंटला उद्या कामावर जायचं असतं." खोटं नाही ते. मीही कोविडात ॲझिथ्रोमायसिन चिवड्यासारखी खाल्ली आहे, मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली नाही. पण मग दर नोव्हेंबरात 18 ते 24 निळे फलक लावून रेझिस्टन्स जागृतीचा आठवडा कशाला साजरा करता? केंद्राच्याच सर्वेक्षणात 2021-22 मध्ये 20 मोठ्या हॉस्पिटलांत 100 पैकी 72 पेशंटना अँटिबायोटिक चालू होतं, निम्म्याहून जास्त नुसतं "होऊ नये म्हणून", आणि जंतू नक्की कळल्यावर दिलेलं जेमतेम 6 टक्के. ही मोठी, शिकवणारी हॉस्पिटलं, तालुक्याचं काय असेल ते तुम्हीच समजा. या रेझिस्टन्सने 2019 साली देशात थेट 3 लाखांच्या आसपास माणसं गेली असा जागतिक अभ्यासातला अंदाज आहे, थोडी इकडेतिकडे असतील, मी काय मोजायला गेलो नव्हतो.

माझ्या बागेचं बघा. युरोपला माल पाठवायचा तर ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी यंत्रणेत प्लॉटची नोंदणी, कुठलं औषध कधी मारलं याची वही, तोडणीआधी रेसिड्यूचा, म्हणजे औषधाच्या उरलेल्या अंशाचा, नमुना. 2010 ला लिहोसीन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला म्हणून कंटेनर अडकले, बागायतदार रडले, आणि त्यानंतर सगळी यंत्रणा कडक झाली. त्याच 2010 मध्ये लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस या वैद्यकीय मासिकात एनडीएम-1 चा, म्हणजे भारी अँटिबायोटिकही निकामी करणाऱ्या जंतूंमधल्या एन्झाइमचा, पेपर आला, आणि आपलं सरकार भडकलं कशावर, तर नावात न्यू दिल्ली का घातलं यावर! द्राक्षावरच्या डावणी रोगाला एकच बुरशीनाशक सारखं मारलं की ते चालेनासं होतं, गट बदलून मारायचं, हे आमच्याकडे दहावी नापास गडी सांगतो.

मेडिकलला वही नाही असंही नाही. शेड्यूल एच-1, म्हणजे नोंद ठेवूनच विकायच्या औषधांची यादी, मार्च 2014 पासून लागू आहे. सेफिक्झिम, लेवोफ्लॉक्सासिन, फॅरोपेनेम तिन्ही त्यात आहेत. दुकानदाराने डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या हे लिहून तीन वर्षं जपायचं. तिन्ही वेळा माझ्यासमोर कुणी पेन उचललं नाही. डिसेंबरात एका सरकारी ऑफिसात लेखी तक्रार दिली, "पंधरा दिवसांत पाहणी करतो" म्हणाले, पोच सोडून हातात काही नाही. तुम्ही म्हणाल दुकानं एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, ते खातं वेगळं, डॉक्टर मेडिकल कौन्सिलकडे, तेही वेगळं. जंतूला हे खातेवाटप कोण समजावणार? रेझिस्टन्स रोखायचा 2017 चा राष्ट्रीय आराखडा 2021 ला संपला आणि दुसरा यायला 2025 चा नोव्हेंबर उजाडला. 2024 च्या जानेवारीत दिल्लीहून पत्र निघालं की अँटिबायोटिक लिहिताना कारणही लिहा. माझ्या आईच्या चिठ्ठीवर कारण सोडा, तारीख नीट वाचता येत नाही. केरळने 2018 ला स्वतःचा आराखडा केला, पुढे मेडिकलवर धाडीही घातल्या, ते राज्य काय अमेरिकेत आहे? इथे एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, सकाळपासून बॅग घेऊन ओपीडीबाहेर बसलेला असतो, त्याला बरोबर माहीत असतं कोण किती लिहितं, फक्त सरकारला माहीत नसतं.

मागणी दोनच. एच-1 ची रजिस्टरं न सांगता येऊन तपासा, आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लघवीचं कल्चर फुकट करा.

ती सेफिक्झिमची पट्टी फ्रिजवर पडली आहे, फोडलेली नाही. बुधवारी सकाळी लघवीचा नमुना आयसीयूवाल्या त्याच लॅबमध्ये मी स्वतः नेऊन दिला. रिपोर्ट शनिवारी मिळेल म्हणाले. तोवर आई दर तासाला पाणी पितेय आणि मी थर्मामीटर बघतोय.

आपला,
तासगाव भागातला एक द्राक्षवाला